काचेवरचं नाव

(हस्तकला केंद्रांच्या कार्यकर्त्यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे, काचेच्या मोझेकवर टिकेल अशी सही कशी करावी. कार्यक्रमपत्रिका वाचून एक बंधू मघाशी चहाच्या वेळी म्हणाले, "ताई, सहीवर वीस मिनिटं काय बोलणार?" त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चार वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. सही काय, शेवटी कोपऱ्यात करायची असते. पण त्या कोपऱ्यामुळे आमच्या एका मावशीचं हातात येणारं काम गेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं. म्हणून आज बोलायला उभी आहे.

आधी मोझेक म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडे मोझेक म्हटलं की जुन्या चाळीतली ठिपक्याठिपक्यांची लादी डोळ्यांपुढे येते. आम्ही करतो ते वेगळं. रंगीत काचेचे छोटे तुकडे कापायचे, सिमेंटच्या बोर्डावर चित्राप्रमाणे एकेक चिकटवायचे, आणि सगळं सुकलं की मधल्या सांध्यांत ग्राऊट भरून वरून ओल्या स्पंजने पुसून घ्यायचं. काच आम्ही विकत फारशी घेत नाही. काचवाल्याकडे खिडक्या कापून उरलेल्या पट्ट्या असतात, टाइलच्या दुकानात फुटलेल्या पेट्या असतात, बांगडीवाल्याकडे फुटक्या बांगड्या असतात. बांगड्यांबद्दल एक सावधगिरी. काहींचा रंग काचेतच असतो, काहींचा वरून चढवलेला असतो. दुसऱ्या प्रकारच्या बांगड्या उन्हात वर्षभरात पांढऱ्या पडतात. तुकडा मोडून कडेने बघावा, आतपर्यंत रंग असेल तरच घ्यावा.

तर, शहरातल्या एका संस्थेच्या नव्या इमारतीसाठी आम्हांला एक मोठं चित्र करायचं होतं. चार फूट बाय तीन फूट. मावशींनी भातलावणी निवडली. शेतीची कामं संपल्यावर जानेवारीत त्या आणि आमच्या दोन मुली बसल्या, आणि एप्रिलअखेर चित्र उभं राहिलं. वाकलेल्या बायांची रांग, पायांखाली पाण्याची निळी काच, आणि त्या पाण्यात आभाळाचे दोनचार पांढरे तुकडे. पाण्यात आभाळ दाखवायचं हे मावशींना कुणी शिकवलं नव्हतं. आयुष्यभर वाकून लावणी केलेल्या माणसाला आभाळ पाण्यातच दिसतं, असं त्या म्हणाल्या.

चित्र पूर्ण झाल्यावर सहीचा प्रश्न आला. मावशी म्हणाल्या, "नको ताई." मीही जोर केला नाही. आमच्या दोघींच्या 'नको'ची कारणं मात्र निराळी होती.

त्यांचं कारण जुनं होतं. त्यांच्या आजाने कधीतरी कुठल्यातरी कागदावर अंगठा दिला आणि घरची जमीन गेली. ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघरमधल्याही, आदिवासी घरांत ही गोष्ट नवी नाही. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचलंय त्यांना सावकारांचे कागद आणि वेठबिगारी काय होती हे ठाऊक आहे. आदिवासींच्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ साली कायदा करावा लागला, तो उगाच नाही. ज्या घरात सही म्हणजे काहीतरी जाणं, तिथे आपण पेन पुढे केलं की हात मागे जाणारच. हे मला त्या दिवशी सुचलं नाही. मला वाटलं, लाजतात.

माझं कारण माझ्या शिक्षणातून आलं होतं. ईश्वरविद्येचा डिप्लोमा करताना आपण नम्रतेवर पुष्कळ निबंध लिहितो. सेवा करावी, नाव करू नये, हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की दुसऱ्याच्या कामावरचं त्याचं नावसुद्धा मला मिरवणं वाटायचं. आता मागे वळून बघते तेव्हा यातला घोटाळा दिसतो. नम्रता माझी होती आणि नाव मावशींचं जात होतं.

शेवटी एका मुलीने हट्ट धरला, म्हणून मी टेबलावरचा परमनंट मार्कर तिच्या हातात दिला. तिने उजव्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या काचेवर तिघींची नावं लिहिली. काळीभोर, सुबक अक्षरं. परमनंट असं त्या पेनावर छापलेलं होतं, म्हणून मी निश्चिंत.

चित्र पश्चिमेकडच्या व्हरांड्यात लागलं. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी एका गृहस्थांनी ते बघून तसंच काम आपल्या वास्तूसाठी करून हवं म्हणून चौकशी केली. कुणी केलंय हे तिथे कुणालाच सांगता आलं नाही. जुने व्यवस्थापक बदलून गेले होते. एकाने अंदाजाने सांगितलं की बाहेरून तयार आणलं असेल. काम एका दुकानाला गेलं. हे मला कळलं ते सहा महिन्यांनी, दुसऱ्याच कामासाठी तिथे गेले तेव्हा. मी कोपऱ्यात वाकून बघितलं. काच स्वच्छ पांढरी. अक्षराची सावलीसुद्धा नाही.

आणि चित्राच्या शेजारीच संगमरवराची पाटी होती. देणगीदारांची नावं, कोरलेली, काळा रंग भरलेली. त्यातला एक काना हललेला नव्हता. देणगीदारांना मी दोष देत नाही. त्यांच्याशिवाय इमारत झाली नसती, चित्रही झालं नसतं. पण पैसे देणाऱ्याचं नाव दगडात कोरायचं हे आपल्याला न सांगता कळतं, आणि करणाऱ्याच्या नावाला आपण टेबलावर पडलेला मार्कर देतो. आपण म्हणजे मी.

मावशींना सांगायला गेले तेव्हा त्या कुडाच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती पैसे मिळाले असते?" मी आकडा सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत.

तिथून मी या विषयाच्या मागे लागले.

आधी मार्कर का गेला ते बघू. कागद शाई पितो, लाकूड पितं, मातीची भिंत पिते. काच काहीच पीत नाही. शाई काचेवर नुसती बसून राहते, दह्यावरच्या सायीसारखी. त्यातला रंग उन्हाने उडतो, आणि उरलेलं काच पुसायच्या औषधाने निघतं. मार्करची शाई स्पिरिटसारख्या द्रवात विरघळवलेली असते, म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवला की परमनंट काही राहत नाही. घरी करून बघा.

मग आम्ही एक उद्योग केला. उरलेल्या बोर्डाचे तुकडे घेतले, प्रत्येकावर चार काचा चिकटवल्या आणि प्रत्येकावर वेगळ्या प्रकाराने नाव घातलं. एकावर मार्कर, एकावर दाराचा ऑइलपेंट, एकावर दुकानातला काचेचा रंग. मुलींनी आपणहून एकावर नेलपॉलिश लावलं. एकावर मार्करने लिहून वरून दोन भाग मिसळायचा पारदर्शक चिकट गोंद फासला. एकावर नाव सांध्यातल्या ओल्या ग्राऊटमध्ये खिळ्याने लिहिलं. हे सगळे बोर्ड केंद्राच्या पत्र्यावर ठेवून दिले, एक होळी ते दुसरी होळी.

मार्कर पावसाच्या आधीच फिका पडला आणि गणपतीपर्यंत गेला. नेलपॉलिश पापुद्रा धरून निघालं. ऑइलपेंट कडांनी सुटला. काचेचा रंग बरा टिकला, पण नखाने खरवडला की निघत होता. पारदर्शक गोंदाखालचं नाव आम्हांला हुशारीचं वाटलं होतं. तो गोंद उन्हाने पिवळा पडला आणि त्याखालचा मार्करही फिका झाला, कारण गोंद पाणी अडवतो, ऊन अडवत नाही. ग्राऊटमधलं नाव वर्षभर होतं, पण शेवाळ धरून वाचता येईना, आणि शेवाळ घासून काढायला गेलं की अक्षर झिजतं. शिवाय दुरुस्ती करणारा माणूस आधी ग्राऊटच खरवडून काढतो.

मग टिकतं काय? हे शोधताना जगात पूर्वी लोकांनी काय केलंय ते वाचलं, आणि तिथे मला आपल्या ओळखीची ठिकाणं भेटली.

बेथलेहेमला प्रभूच्या जन्मस्थानावर जे चर्च आहे, त्याच्या भिंतींवर काचेच्या मोझेकची चित्रं आहेत. १९१९ नव्हे, ११६९ सालची. त्यातलं बरंचसं काळाच्या ओघात पडलं, उरलं ते धुरकटलं होतं, आणि गेल्या दशकात मोठी दुरुस्ती होऊन ते पुन्हा उजळलं. तिथे दोन कारागिरांची नावं आहेत. एक एफ्राईम, साधू आणि मोझेक करणारा. दुसरा बासिल. एफ्राईमचं नाव ग्रीकमध्ये आहे, आणि त्याच लेखात सम्राट, राजा आणि बिशप यांचीही नावं आहेत. बासिलचं नाव एका देवदूताजवळ आहे, लॅटिनमध्ये आणि सुरियानी लिपीत. म्हणजे येणाऱ्या परक्या यात्रेकरूंसाठी एक आणि आपल्या लोकांसाठी एक. साडेआठशे वर्षं ही नावं टिकली, कारण ती चित्रावर लिहिलेलीच नाहीत. ज्या तुकड्यांनी भिंत भरली त्याच तुकड्यांनी अक्षरं भरली. भिंत आहे तोवर नाव आहे.

तिथल्या सोनेरी तुकड्यांतही एक धडा आहे. सोन्याचा अगदी पातळ वर्ख काचेवर ठेवून त्यावर आणखी एक पातळ काच चढवलेली असते. सोनं दोन काचांच्या मध्ये सुरक्षित. वरून कितीही पुसा, हात लागतो तो काचेला. हे मी पुढे वापरलं, सांगते.

दुसरं ठिकाण नबो डोंगर, जिथून मोशेने वचनदत्त देश पाहिला. तिथल्या जुन्या चर्चच्या बाप्तिस्मागृहातली जमीन सहाव्या शतकातली आहे. ते काम काचेचं नाही, दगडी खड्यांचं. त्या जमिनीतल्या लेखात तीन कारागिरांची नावं आहेत, सोएलोस, कायोमोस आणि एलियास, आणि ती प्रार्थनेत गुंफलेली आहेत. पुढे कुणीतरी त्या जमिनीवर दुसरी जमीन घातली. शतकानुशतकं ती झाकलेली राहिली आणि १९७६ साली वरचा थर काढल्यावर पुन्हा दिसली. नावं जशीच्या तशी.

याहून जुना एक गंमतशीर प्रकार पर्गममचा. प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या सात मंडळ्यांपैकी हे एक नगर. तिथल्या एका राजवाड्याच्या मोझेकमध्ये हेफैस्तियोन नावाच्या कारागिराने चर्मपत्राचा एक चिटोरा मेणाने चिकटवल्यासारखा दाखवलाय, एक कोपरा सुटून वर आलेला, आणि त्यावर आपलं नाव. सगळं खड्यांचं. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातलं काम, आणि अजून बघणाऱ्याला वाटतं की तो चिटोरा आत्ता वाऱ्याने उडेल.

आणि पहिल्या शतकात एन्नियोन नावाचा काचेचा कारागीर होता. साच्यात काच फुंकून प्याले करायचा. त्याच्या साच्यातच अक्षरं कोरलेली असत, त्यामुळे 'एन्नियोनने केलं' हे प्याल्याच्या काचेतूनच उठून यायचं. त्याच्या काही प्याल्यांवर दुसऱ्या बाजूला विकत घेणाऱ्याचीही आठवण राहो अशा अर्थाचे शब्द आहेत. हे मला फार आवडलं. करणारा आणि घेणारा, दोघंही एकाच प्याल्यावर. आमच्या त्या व्हरांड्यातही हे करता आलं असतं.

हे वाचताना माझी मलाच लाज वाटली, कारण यासाठी इतकं लांब जायची गरज नव्हती. निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात देव मोशेशी निवासमंडपाबद्दल बोलताना कारागिराचं नाव घेतो, बसालेल. त्याच्या बापाचं नाव, आजाचं नाव, वंश. त्याच्या जोडीदाराचंही, अहलियाब. मी परीक्षेसाठी निवासमंडपाचा नकाशा मोजमापांसकट पाठ केला होता आणि त्या दोन नावांवरून दरवेळी पुढे गेले होते. त्याच पुस्तकात एफोदाच्या खांद्यांवरच्या दोन गोमेद रत्नांवर इस्राएलाच्या वंशांची नावं कोरायला सांगितलंय, एकेका रत्नावर सहा. लिहायला नाही, कोरायला. आणि ईयोबाची इच्छा आठवा, आपले शब्द लोखंडी लेखणीने आणि शिशाने खडकात कोरले जावेत. कोरलेल्या अक्षरांत शिसं भरायचं, असा त्याचा अर्थ पुष्कळ अभ्यासक लावतात. कोरायचं आणि भरायचं. संगमरवराच्या पाटीची रीत हीच.

आता आपल्या केंद्रात काय करता येतं ते.

पहिला आणि सगळ्यांत भरवशाचा मार्ग एफ्राईमचा. काचेच्याच तुकड्यांनी नाव. देवनागरीला इथे एक सोय आहे आणि एक अडचण. शिरोरेषा म्हणजे सरळ पट्टी, ती सहज कापता येते. पण 'ळ', 'ज' किंवा जोडाक्षर आलं की काच कापणारी रडकुंडीला येते. म्हणून पूर्ण नावाचा हट्ट धरू नये. आद्याक्षर किंवा एक खूण पुरे, मात्र ती खूण कुणाची हे कुठेतरी लिहून ठेवलेलं हवं. त्यावर पुढे येते.

दुसरा मार्ग कोरण्याचा. आपल्या बाजारात भांड्यांवर नाव घालून देणारा असतो, लग्नाच्या स्टीलच्या भांड्यांवर 'अमक्याकडून सप्रेम भेट' असं थरथरणाऱ्या पेनने लिहून देतो तो. (तिथेही बघा, नाव देणाऱ्याचंच.) मी त्याच्याकडे काचेचे तुकडे घेऊन गेले. त्याने हौसेने प्रयत्न केला आणि पाचातले तीन तडकले. ते यंत्र ठोके मारतं, धातूला चालतं, पातळ काचेला नाही. काचेला घासणारं टोक लागतं, हिऱ्याची पूड बसवलेलं. तशी लहान बिटं हार्डवेअरवाल्याकडे मिळतात आणि हातात धरायच्या छोट्या मशीनला बसतात. वीज नसेल तर हिऱ्याच्या टोकाची लेखणीही मिळते, फक्त वेळ लागतो.

नाव कोरायचं ते तुकडा चिकटवण्याआधी. बोर्डावर बसलेल्या काचेवर यंत्र घसरलं तर शेजारचे चार तुकडे खराब होतात. तुकडा ओल्या स्पंजवर ठेवायचा, वरून पाण्याचा थेंब थेंब, म्हणजे काच तापत नाही आणि धूळ उडत नाही. रेघ किती खोल? त्यावरून नख फिरवलं की नख अडकलं पाहिजे. आमची पहिली अक्षरं फार उथळ होती. त्यांत भरलेला रंग पुसताना सगळा निघून आला. दुसऱ्यांदा खोल कोरलं आणि काळा ऑइलपेंट भरून फडकं रेघेच्या दिशेने न ओढता आडवं ओढलं. तसंच करावं. वाळू नसलेलं बारीक गडद ग्राऊट असेल तर तेही रेघेत बसतं, आणि मग सांधे भरताना सही आपोआप भरली जाते. आणि पुढेमागे भरलेला रंग गेला तरी रेघ राहतेच, पुन्हा भरता येते.

आम्ल लावून काच खरवडायचा एक प्रकार असतो, तयार मलमही मिळतं. ते आम्ही केंद्रात आणत नाही. त्या आम्लाने हात भाजला तर आधी कळतही नाही आणि आत हाडापर्यंत इजा जाते. जिथे लहान मुलं आईबरोबर येऊन बसतात तिथे ही वस्तू नको. शहरात वाळूचा फवारा मारून नामफलक करणारे आहेत, त्यांच्याकडून तुकडे करून आणता येतील.

तिसरा मार्ग भट्टीचा. काचेची पूड आणि धातूंची भस्मं यांचा रंग काचेवर लावून साधारण साडेसहाशे अंशांपर्यंत तापवला की तो काचेचाच भाग होतो. जुन्या चर्चच्या रंगीत खिडक्यांमधले चेहरे असेच रंगवलेले असतात. पण काटेकोरपणा हवा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या काही कारखान्यांनी रंग लवकर वितळावा म्हणून त्यात टाकणखार मिसळला, आणि काही वर्षांत संतांचे डोळे-नाक पुसट होऊ लागले. आमच्याकडे काचेची भट्टी नाही. कुंभाराची आहे. म्हणून आम्ही ओल्या मातीच्या छोट्या टिकलीवर काडीने नाव लिहून ती भाजून घेतो आणि काचांमध्ये एक तुकडा म्हणून बसवतो. तांबडी माती निळ्या काचेत छान दिसते. फक्त नीट भाजलेली हवी, कच्ची राहिली तर पावसात विरघळते. एक विरघळली आहे.

आणि चौथा, त्या सोन्याच्या वर्खावरून सुचलेला. साध्या पारदर्शक काचेच्या मागच्या बाजूला उलट्या अक्षरांत नाव रंगवायचं, वाळवायचं आणि तो तुकडा पालथा बसवायचा. पुसणाऱ्याचा हात नावाला लागतच नाही. सिमेंटच्या चिकटवणीने मागचा रंग खाल्ला जातो, म्हणून हा एक तुकडा सिलिकॉनने चिकटवावा, आणि रंग चांगला घ्यावा, कारण ऊन इथेही आरपार जातं. घरातल्या भिंतीसाठी हा प्रकार उत्तम. मुली आधी नाव पातळ कागदावर लिहितात, कागद उलटा करून काचेखाली ठेवतात आणि वरून गिरवतात. कुणी एकीने पहिल्यांदा सुलटंच लिहिलं आणि बसवल्यावर सगळ्या हसून लोळल्या.

सही अगदी टोकाच्या कोपऱ्यात बसवू नये. काठ आधी फुटतो, आणि चौकट करणारा सुतार अर्धा इंच झाकून टाकतो. दोन बोटं आत घ्यावी. मागच्या बाजूला पूर्ण नाव, पाडा, तालुका आणि साल साध्या शिसपेन्सिलीने लिहावं. पेन्सिलीचं शिसं उन्हाने उडत नाही, आणि सिमेंटच्या बोर्डावर ते छान धरतं. पुढेमागे दुरुस्तीला काढतील तेव्हा वाचतील. आणि केंद्रात एक वही ठेवावी. चित्राचा क्रमांक, फोटो, कुणी केलं, कुठे गेलं, खूण कोणती. आमची वही मी त्या व्हरांड्यातून परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सुरू केली. तोवरची कितीतरी कामं तिच्यात नाहीत.

कुणी म्हणेल, वारली कलेत सही कुठे असते? खरं आहे. लग्नाचा चौक सवाष्णी लिहितात, तांदळाच्या पिठाने, गेरूच्या भिंतीवर, आणि पुढच्या सारवणात तो जातो. तिथे नाव लागत नाही, कारण चौक कुणी लिहिला हे पाड्यातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. पण १९७०च्या दशकात चित्र भिंतीवरून कागदावर आलं आणि गावाबाहेर गेलं. भास्कर कुलकर्णींनी कागद आणि रंग नेऊन दिले, जिव्या सोमा म्हसे यांचं नाव जगभर झालं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज वारली चित्रं चादरींवर, कपांवर, विमानतळांवर आहेत. त्यातली किती कुणाची, कोण सांगणार? २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, चांगलं झालं. पण तो समाजाचा हक्क सांगतो. ज्या बाईने चार महिने पाठ मोडून चित्र केलं तिचं नाव तो सांगत नाही. पाड्याबाहेर गेलेल्या वस्तूबरोबर तिला ओळखणारं कुणी जात नाही, नाव तेवढं जाऊ शकतं.

गेल्या फेब्रुवारीत त्या संस्थेने परवानगी दिली. आम्ही छिन्नी, काचकाम आणि डबे घेऊन गेलो. मावशींना सहीचं पुन्हा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कागद नाही ना?" मी म्हटलं, "नाही, काच आहे, आणि तुमच्याच कामात राहणार." त्यांनी दोन अटी घातल्या. एकटीचं नाव नको, तिघींचं हवं. आणि अंगठा तर नकोच. म्हणून मुलींची नावं कोरली आणि मावशींसाठी त्यांनी स्वतः निवडलेली खूण केली, हिरव्या बांगडीचे तीन तुकडे, भाताच्या रोपासारखे. शेजारी पाड्याचं नाव. पांढऱ्या काचा काढायला दोन तास गेले. नवे तुकडे बसवले, दुसऱ्या दिवशी सांधे भरले.

मावशी दोन्ही दिवस हजर होत्या. शेवटी त्यांनी कोरलेल्या अक्षरांवरून नख फिरवलं, मग मला विचारलं, "ताई, दोन दिवसांचा रोज मांडलास ना?" मांडला होता. पण येण्याजाण्याचं भाडं मांडायचं राहिलं होतं, ते तिथेच वहीत लिहिलं.

दुपारच्या सत्रात दोन मशीन आणली आहेत, प्रत्येकाने आपल्या नावाचा एक तुकडा कोरून न्यावा. पाण्याची ताटली आणि मास्क टेबलावर आहेत. चष्मे नऊच आहेत आणि आपण जास्त आहोत, तेव्हा रांगेने या. ज्याच्या डोळ्यांवर चष्मा नाही त्याने मशीनला हात लावायचा नाही, मग तो पाळक असला तरी.